यादीबाहेरच्या मैत्रिणी

कॉलेजच्या निरोप समारंभात सगळ्याच मुली 'आपण भेटत राहायचं हं' असं म्हणतात. पुढे ते खरं करून दाखवायची पाळी मात्र एखाददुसरीवर येते. तिला कुणी निवडून दिलेलं नसतं, मानधनाचा प्रश्नच नसतो. बॅचचा ग्रुप तिने काढलेला असतो. कुणाच्या मुलीचं बाळंतपण कधी आहे, कुणाच्या सासऱ्यांना कुठे ॲडमिट केलंय, हे तिला पाठ असतं. गेट-टुगेदरसाठी हॉल तीच बघते आणि 'अगं, जीपे चालत नव्हतं' म्हणणारीचे पैसेही तीच आधी भरते. अमेरिकेतल्या बायकांच्या जुन्या कॉलेजांत या कामाला रीतसर पदं आहेत. तिथे प्रत्येक वर्षाच्या तुकडीची अध्यक्ष असते, सचिव असते, निधी गोळा करणारी असते आणि ही सगळी मंडळी स्वयंसेवक असतात. आपल्याकडे पदं नाहीत, काम तेवढंच आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत हे काम करणाऱ्या बायका इमारतीगणिक सापडतील. पुढची पानं त्यांच्या कामाविषयी आहेत आणि त्यांच्यासाठीही आहेत.

प्रस्तावनाकाराने सगळ्यांना शाबासकी देऊन बाजूला व्हावं, अशी आपल्याकडे रीत आहे. शाबासकी देतेच, कारण ती कमावलेली आहे. पण मला त्यापलीकडचं एक म्हणायचं आहे. या बायकांचं मुख्य काम स्नेहसंमेलन भरवणं हे नव्हे. यादी राखणं हे त्यांचं मुख्य काम आहे. यादी जिच्या हातात, ती आपल्या वर्गात कोण होतं आणि कोण नव्हतं हे ठरवत असते, आणि बहुतेक वेळा आपण असं काही ठरवतोय हे तिच्या गावीही नसतं. 'सगळ्यांना सामावून घेणं' हे आजकाल भाषणात फार येतं. बॅच सांभाळणाऱ्या बाईपुरतं बोलायचं, तर त्याचा अर्थ यादीत कोण नाही हे बघणं आणि ती का नाही हे विचारणं एवढाच आहे. हे वाटतं त्यापेक्षा अवघड काम आहे.

आधी थोडं मागे जाऊ. फार लांब नाही, कल्याणलाच.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, लग्नानंतरची आनंदीबाई जोशी, १८८३ साली कोलकात्याहून बोटीत बसली आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाली. ११ मार्च १८८६ रोजी तिला एम. डी. ही पदवी मिळाली. हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्या कॉलेजच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्याविषयी मात्र आपण फारसं बोलत नाही. माजी विद्यार्थिनींचं पुढे काय होतं, हा प्रश्न बॉडलीबाईंनी फार लवकर विचारला. १८८१ मध्येच त्यांनी आपल्या कॉलेजच्या हयात पदवीधर डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली. कुठे काम करता, किती कमावता, लग्नाचा कामावर काय परिणाम झाला, असे सरळ प्रश्न. आलेल्या उत्तरांवर त्यांनी त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात भाषण केलं. मुली शिकल्या की त्यांची तब्येत बिघडते, असं त्या काळी मोठमोठे डॉक्टर लिहीत होते. त्याला बॉडलीबाईंनी आपल्या मुलींच्या यादीने उत्तर दिलं.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला बॉडलीबाईंनी पंडिता रमाबाईंना आवर्जून बोलावलं. रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं. त्याच वर्षी फिलाडेल्फियात रमाबाईंचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघालं आणि त्याची प्रस्तावना लिहिली ती बॉडलीबाईंनी, आपल्या गेलेल्या विद्यार्थिनीचं नाव मनात ठेवून. रमाबाईंनी त्या पुस्तकाच्या आणि व्याख्यानांच्या बळावर अमेरिकेत माणसं जोडली, पैसा जमवला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचा आणि धोंडो केशव कर्व्यांचा पुनर्विवाह झाला तो ११ मार्च १८९३ रोजी. तारखांचा योगायोग सोडून देऊ. कल्याणच्या एका मुलीच्या पदवीदानाला तिच्या अधिष्ठात्यांनी एक आमंत्रण धाडलं आणि त्या आमंत्रणातून केवढी माणसं एकमेकांना जोडली गेली, हे बघण्यासारखं आहे. थेऑडिशिया कार्पेंटर या बाईंनी आनंदीबाईंना अमेरिकेत लेकीसारखं सांभाळलं होतं. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांच्याकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. त्या आजही तिथेच आहेत.

त्या कॉलेजातलं १० ऑक्टोबर १८८५ चं एक छायाचित्र बहुतेकांनी पाहिलं असेल. नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाचा पारंपरिक पोशाख घातलेल्या सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी एका वर्गातल्या असाव्यात असं वाटतं आणि पुष्कळ ठिकाणी तसं छापलंही जातं. पण त्यांची पदवीची वर्षं वेगळी आहेत : आनंदीबाई १८८६, ओकामी १८८९, इस्लामबुली १८९०. पदवीच्या वर्षाप्रमाणे यादी केली असती तर या तिघी तीन पानांवर गेल्या असत्या. परक्या गावात, परक्या भाषेत, परक्या थंडीत त्या एकमेकींच्या बरोबर होत्या, आणि जगाने त्यांची तुकडी मानली ती एवढ्यावर. आपल्या बॅचची यादी करताना मार्कशीटवरचं वर्ष डोळे मिटून धरणाऱ्या प्रत्येकीने हे छायाचित्र एकदा नीट बघावं.

त्याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉलेजने आनंदीबाईंना प्रवेश दिला, नऊवारी आणि शाकाहार चालवून घेतला, कौतुक केलं. पण त्यांची खोली थंड होती, शेकोटी धड पेटत नसे, अन्न सोसत नव्हतं, आणि तब्येत तिथेच ढासळत गेली. माणूस दारातून आत आलं म्हणजे सामावलं गेलं असं होत नाही. खोली उबदार आहे का, हे कुणीतरी रोज बघावं लागतं.

अमेरिकेतल्या पदवीधर बायकांच्या संघटनेचा इतिहासही असाच दुपदरी आहे. १८८१-८२ मध्ये बोस्टनला मूठभर पदवीधर बायका जमल्या आणि त्यांनी माजी विद्यार्थिनींचा संघ काढला. पुढे त्याची देशभर मोठी संघटना झाली. काम उत्तम होतं. पण मेरी चर्च टेरेल या ओबर्लिन कॉलेजच्या १८८४ च्या पदवीधर. आपल्या आनंदीबाईंच्याच पिढीच्या, कृष्णवर्णीय, देशभर नाव असलेल्या. त्यांनी १९४६ मध्ये वॉशिंग्टन शाखेचं सभासदत्व पुन्हा मागितलं तेव्हा शाखेने ते नाकारलं. पदवी हीच एकमेव पात्रता राहील असा ठराव संघटनेने केला तो १९४९ मध्ये, आणि तो पटला नाही म्हणून वॉशिंग्टनच्या अनेक जणींनी आपली वेगळी चूल मांडली. शिकलेल्या, पुढारलेल्या बायकांचीच ही गोष्ट आहे. आपल्या इथे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमातही सुरुवातीला प्रवेश होता तो ब्राह्मण विधवांनाच. त्याच आश्रमात शिकलेल्या पार्वतीबाई आठवले, म्हणजे गोदूबाईंच्या, पुढच्या बाया कर्व्यांच्या सख्ख्या बहीण, आयुष्यभर संस्थेसाठी झोळी घेऊन गावोगाव हिंडल्या. इंग्रजीचा गंध नसताना अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं केली आणि संस्थेसाठी पैसे जमवले. माजी विद्यार्थिनीची निष्ठा म्हणजे काय याचं याहून मोठं उदाहरण मराठीत नाही. निष्ठा एवढी आणि दार तेवढंच उघडं, या दोन गोष्टी एका संस्थेत एकाच वेळी असू शकतात. आजही असतात.

आता आपल्याकडे येऊ.

ठाण्यात चेंदणीला खाडीच्या कडेने जोशी-बेडेकर महाविद्यालय सुरू झालं १९६९ मध्ये, त्याच आवारात बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ मध्ये. कल्याणचं बिर्ला महाविद्यालय १९७२ चं. डोंबिवलीत पेंढरकर कॉलेज त्यानंतर उभं राहिलं. त्याआधी इथल्या मुली माटुंग्याला रुईयात जायच्या, चर्चगेटला एसएनडीटीत जायच्या. ज्यांच्या घरून एवढ्या लांब जायला परवानगी नव्हती त्या मॅट्रिकनंतर शिवणक्लासला जायच्या. घराजवळ कॉलेज आलं म्हणजे नेमकं काय झालं, हे इथल्या पन्नाशी-साठीच्या बायकांना विचारा. 'जवळ होतं म्हणून सोडलं', हे वाक्य ऐकायला मिळेल.

आणि हे 'जवळ' तरी कुणाला? कल्याणला कर्जतची आणि कसाऱ्याची अशा दोन लाइनी फुटतात. एका वर्गात रामबागेतली मुलगी असायची, वासिंद-आसनगावहून येणारी असायची आणि मुरबाडहून एसटीने येणारीही. चेंदणी कोळीवाड्यातली असायची, डोंबिवलीजवळच्या गावांतली आगरी मुलगी असायची. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वसलेल्या उल्हासनगरची सिंधी मुलगी असायची. मुंब्रा-भिवंडीची मुसलमान मुलगी असायची आणि शहापूर तालुक्यातल्या ठाकूर, वारली, कातकरी घरातली घराण्यातली पहिलीवहिली कॉलेजकन्याही. तीन वर्षं या सगळ्या एका बाकावर बसल्या. पंचवीस वर्षांनी ग्रुप काढला तेव्हा त्यात कोण होतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं : ज्या स्टेशनजवळ राहत होत्या, ज्या पास झाल्या आणि ज्यांची आडनावं ॲडमिनच्या आडनावासारखी होती, त्या. कुणी मुद्दाम वगळलं असं नाही. फोन नंबर होते ते त्यांचेच.

मुलग्यांची यादी एका संध्याकाळी होते. मुलींची होत नाही, कारण मुलीचं नावच जाग्यावर राहत नाही. कॉलेजच्या जनरल रजिस्टरमध्ये माहेरचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, आता पाडलेल्या चाळीचा पत्ता आहे. लग्नात आडनाव बदललं, मधलं नाव बदललं आणि पुष्कळ घरांत नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं ते पहिलं नावही. आगरी पट्ट्यात पाटलाची सुनीता शोधायची म्हणजे काय, हे जिने केलंय तिलाच माहीत. मग हे शोध अगदी सीआयडीसारखे चालतात. भावाचं दुकान कुठे होतं ते आठवायचं, तिथे जायचं. वहिनी नंबर देईल की नाही याचा अंदाज घ्यायचा. चाळीच्या जागी टॉवर झाला असेल तर सोसायटीच्या वॉचमनशी बोलायचं. जुन्या क्लासच्या सरांना फोन करायचा. त्यांना मुलींची नावं मार्कांसकट आठवत असतात.

इथे एक नियम या कामातल्या जाणत्या बायका पाळतात आणि तो मला फार मोलाचा वाटतो. सापडली म्हणून लगेच ग्रुपवर टाकायचं नाही. घरात दुसऱ्या कुणी फोन उचलला तर निरोप ठेवायचा नाही. तिच्याशीच बोलायचं, आणि तुला यायचंय का, असं आधी विचारायचं. सगळ्यांनाच सापडायचं नसतं. एखादी नवऱ्याच्या मारहाणीतून निघून दुसऱ्या गावी राहत असते. एखादीने जातीबाहेर लग्न केलेलं असतं आणि माहेरी तिचा पत्ता ठाऊक नसतो. एखादीला कॉलेजची तीन वर्षंच नको असतात, कारण तिथे तिला जे ऐकावं लागलं ते ती विसरलेली नसते. अशा बाईने 'नको' म्हटलं तर ते 'नको' यादीत जपून ठेवणं हेही काम आहे. तिचा नंबर कुणाला द्यायचा नाही, एवढंच करायचं.

नापास झालेल्यांचं काय? एटीकेटी लागली, एसवायला वर्ष गेलं, टीवायला लग्न ठरलं आणि परीक्षा राहिली ती राहिलीच, अशा मुली प्रत्येक वर्गात होत्या. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून पुढे कुणी बी. ए. झाल्या, कुणी नाही झाल्या. बॅचच्या यादीत या नसतात. 'ती आपल्याबरोबर पास आउट नाही ना झाली' असं सहज म्हटलं जातं. मला विचाराल तर पदवीची अट इथे लावूच नये. ज्या दिवशी ती पहिल्यांदा वर्गात आली त्या दिवसापासून ती बॅचची. वर ज्या बायकांची गोष्ट सांगितली त्यांतल्या पार्वतीबाई तरी कुठे पदवीधर होत्या?

ग्रुपमध्ये आल्यावरही मुक्काम पक्का नसतो. 'अमुक यांनी ग्रुप सोडला' ही फोनवरची करडी ओळ बघा. तिच्या वरचे चार-पाच मेसेज वाचलेत तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या समाजाला धुऊन काढणारा फॉरवर्ड आलेला असतो, खाली पाच जणींनी हात जोडलेले असतात, आणि त्या समाजाची मैत्रीण त्याच ग्रुपवर असते. ती भांडत नाही, निघून जाते. ॲडमिन म्हणते, 'काय झालं कुणास ठाऊक.' ठाऊक असतं. अशा वेळी मेसेज काढून टाकणं, टाकणारीला वेगळा फोन करणं आणि निघून गेलेलीला त्याहून आधी फोन करणं, ही तीन कामं ॲडमिनची आहेत. 'आपला ग्रुप राजकारणापासून लांब आहे' अशी पाटी लावून ती टळत नाहीत.

हळदीकुंकवाबद्दल लिहिलं तर काही जणी रागावतील, तरी लिहिते. संक्रांत ते रथसप्तमी हा आपल्याकडे बायकांनी भेटायचा हक्काचा काळ. म्हणून बॅचची भेटही पुष्कळदा हळदीकुंकू म्हणूनच ठरते. त्यात नवरा गेलेली मैत्रीण येत नाही किंवा येऊन कोपऱ्यात बसते. मुसलमान, ख्रिस्ती मैत्रिणीला काय करावं कळत नाही. बौद्ध मैत्रिणीला कळतं आणि ती येत नाही. जिथे याच भेटीला तिळगूळ समारंभ म्हटलं गेलं, कुंकवाची डबी बाजूला ठेवली गेली आणि सगळ्यांना वाण म्हणून एकेक पुस्तक दिलं गेलं, तिथे उपस्थिती वाढली. परंपरा बुडाली असं काही झालेलं दिसत नाही. तिळाचे लाडू तेच होते.

पैशाचंही असंच. मुरबाडच्या वाटेवरचं रिसॉर्ट, डोई हजार-बाराशे, शिवाय थीमचा रंग ठरलेला, म्हणजे तशी साडी नसेल तर तीही घ्या. जिला परवडत नाही ती 'त्या दिवशी घरी पाहुणे आहेत' असं सांगते. पाहुणे कधीच नसतात. कॉलेजचाच एखादा वर्ग रविवारी मागून घ्यावा, डबे आणावेत, ज्यांना जमेल त्यांनी जास्त द्यावं आणि कुणी किती दिले ते ग्रुपवर जाहीर करू नये. आणि रविवार ठरवताना मेगाब्लॉक बघावा. हा विनोद नाही. कसाऱ्याकडून येणारीचा सगळा दिवस त्या एका वेळापत्रकावर अवलंबून असतो. नर्स, दुकानात काम करणारी, स्वयंपाकाची कामं करणारी यांना रविवार मोकळा नसतोच. कधीतरी मधल्या वारी, दुपारी, स्टेशनजवळ भेटून बघा.

आता थोडं कॉलेजांबद्दल. १९९४ मध्ये कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण मिळू लागले. तेव्हापासून कॉलेजांना माजी विद्यार्थ्यांची आठवण येण्याचे ठरावीक हंगाम आहेत. मूल्यांकनाची समिती यायच्या आधी दोन महिने फोन सुरू होतात, फॉर्म भरून घेतले जातात, गट फोटो काढला जातो, आणि समिती गेली की कार्यकारिणीची पुढची बैठक पुढच्या समितीपर्यंत लांबते. सगळीकडे असंच आहे असं नाही, पण ज्यांनी हा फोन घेतलाय त्या हसतील. यावर तक्रार करत बसण्यापेक्षा समितीच्या निमित्ताने मागून घ्या, असं मी म्हणेन. समावेशनाचे निकष मूल्यांकनात आहेत. तेव्हा उतार कुठे आहे, लिफ्ट चालू आहे का, अंध विद्यार्थिनींसाठी वाचनाची सोय काय, हे माजी विद्यार्थिनींनी त्याच बैठकीत विचारावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत. जागा कागदावर आहेत, वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. मधल्या पायऱ्यांचं कुणीतरी विचारलं पाहिजे.

लेखनिकाचं काम हे तर माजी विद्यार्थिनींनी हातात घ्यावं असंच आहे. त्यात एक मेख आहे ती सांगते, कारण उत्साहाने पुढे आलेल्या अनेकींचा तिथे हिरमोड होतो. दृष्टिहीन विद्यार्थिनीने स्वतःचा लेखनिक आणायचा झाला, तर तो तिच्यापेक्षा शिक्षणात एक पायरी खालचा असावा, असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. म्हणजे टीवायच्या मुलीचा पेपर एम. ए. झालेल्या ताईंनी लिहायचा नाही. ताईंनी काय करायचं? अकरावी-बारावीच्या मुली शोधायच्या, त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं, परीक्षेच्या सकाळी लेखनिक मुलगी केंद्रावर वेळेत पोचेल हे बघायचं, एक जादा मुलगी तयार ठेवायची. दर तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळतात, हे केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला शांतपणे दाखवता येईल असा कागद जवळ ठेवायचा. आणि वर्षभर पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. ते मात्र एम. ए. झालेल्यांनीच करावं, उच्चार बरे असतात. या कामात नाव होत नाही. पेपरवर विद्यार्थिनीचा नंबर असतो आणि लेखनिक म्हणून बारावीतली मुलगी असते. मधे धावपळ करणारी कुठेच दिसत नाही.

आणखी एक प्रश्न येतो आहे आणि यापुढे जास्त येईल. वर्गात मुलगी म्हणून शिकलेली व्यक्ती आज पुरुष म्हणून जगते, किंवा मुलांच्या रांगेत बसलेली आज बाई म्हणून जगते. १५ एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही ओळख मान्य केली, २०१९ च्या कायद्याने कागदपत्रांवर नाव बदलण्याची वाट दाखवली. माजी विद्यार्थिनींच्या यादीत यांचं काय करायचं? माझं उत्तर सोपं आहे. त्यांना विचारायचं, आणि त्या व्यक्तीने जे नाव सांगितलं ते लिहायचं. लग्नानंतर आपण सगळ्याजणींची नावं बिनतक्रार बदलून घेतो. इथे मग अडखळायचं कारण काय?

बॅचच्या या यादीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी २०२० आठवावं. मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि या पट्ट्याचा श्वासच थांबला. बायकांना लोकलची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबरपासून, तीही ठरावीक वेळांत. मधल्या सात महिन्यांत कुणाच्या घरी डबा गेला नाही, कुणाची नोकरी गेली, कुणाला बेड हवा आहे, हे जिथे कळलं ते पुष्कळदा अशाच ग्रुपांवर. आणि ज्या यादीत नव्हत्या त्यांचं कळलं नाही. यादी सगळ्यांसाठी खुली ठेवता येते, हेही याच पट्ट्यात दिसलं आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी साड्या नेसून साठीपुढच्या आज्या पाटी घेऊन बसल्या, शिकवायला गावातलीच सून. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली त्याच वर्षी जूनमध्ये समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेबरोबर सिग्नल शाळा उभी केली. या दोन्ही ठिकाणी कुणाला हजेरीपटाबाहेर ठेवायचं यावर खल झाला नाही. आपण तर कॉलेजात शिकलेल्या.

आपल्या बॅचचं काम सध्या बघणाऱ्या मैत्रिणीच्या हातात हे पुस्तक जायला हवं. तिने वाचलं की पुढचं काम दोघींनी वाटून घ्यावं. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन आपल्या वर्षाचं जनरल रजिस्टर कुठे आहे ते विचारा. दमट हवेत आणि जुन्या कपाटांत ही रजिस्टरं फार टिकत नाहीत. कॉलेजला स्कॅन करून घ्यायला सांगा, लागला तर खर्च उचला. मग त्यातली नावं ग्रुपमधल्या नावांशी ताडून बघा, आणि ज्या नावापुढे नंबर नाही तिला या आठवड्यात शोधायला लागा.